मदत हवी आहे: हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत अ‍ॅरेतलं एकेक घर बदलताना मेमरी फुगत जाते

नमस्कार मंडळी,

१० लाख पूर्णांकांचा अ‍ॅरे आहे. सूचनांची यादी येते. प्रत्येक सूचनेत एका घरातली किंमत वाचून दुसऱ्या घरातल्या किमतीत मिळवायची. साधा डेटा.अ‍ॅरे (न बदलणारा अ‍ॅरे) घेतलाय, बदल // ने (बदललेली घरं घालून नवा अ‍ॅरे देणारा ऑपरेटर) करते आणि यादीवर फोल्ड-एल-प्राइम (एकेक सूचना घेत उत्तर पुढे नेणारं फंक्शन) चालवते. काही शे सूचनांतच मेमरी जीबींमध्ये जाते.

// दरवेळी अख्ख्या अ‍ॅरेची प्रत काढतं हे माहीत आहे. एका घराला ८ बाइट, म्हणजे दर बदलामागे ८ एमबी. वेळ लागतो ते पटतं. पण जुनी प्रत मी पुन्हा वापरतच नाही, मग गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) ती उचलत का नाही? फोल्ड तर स्ट्रिक्ट आहे, म्हणजे हिशेब लगेच करतो!

अ‍ॅक्युमअ‍ॅरे (यादीतल्या किमती घरांत मिळवत अ‍ॅरे बनवणारं फंक्शन) पाहिलं, पण तिथे मधल्या किमती वाचता येत नाहीत. आणि फंक्शन बाहेरून प्युअरच (बाहेर काही न बदलणारं) राहायला हवं, आयओ (बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारा प्रकार) नको. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद १

जुन्या प्रतीला अजून कोणीतरी धरून ठेवलंय, म्हणून. फोल्ड-एल-प्राइम फक्त अ‍ॅरे उलगडतं, आतली घरं नाही. बदललेल्या घरात बेरजेचं उत्तर नसतं, थंक, म्हणजे पुढे ढकललेला हिशेब, असतो: ‘जुन्या अ‍ॅरेतलं हे घर अधिक ते घर’. तेवढ्यासाठी तो अख्खा जुना अ‍ॅरे जिवंत ठेवतो. त्या जुन्या अ‍ॅरेतही असाच एक थंक, त्याच्या आधीच्या अ‍ॅरेला धरून. // च्या आधी बेरजेवर बँग (हिशेब लगेच करायला लावणारी ! ही खूण) लावून बघा, साखळी तुटेल.

पण प्रती काढणं थांबणार नाही. त्यासाठी रनएसटीयूअ‍ॅरे वापरा, ते एसटीयूअ‍ॅरे या बदलता येणाऱ्या अनबॉक्स्ड अ‍ॅरेवर चालतं. आत जागेवरच बदल होतात, शेवटी प्रत न काढता अ‍ॅरे गोठवला जातो, आणि बाहेर प्युअर यूअ‍ॅरेच (न बदलणारा अनबॉक्स्ड अ‍ॅरे) मिळतो. एसटी मोनाड, म्हणजे आतले बदल आतच ठेवणारी चौकट, त्यासाठीच आहे. एसटीअ‍ॅरे मात्र घेऊ नका. तो बॉक्स्ड आहे, म्हणजे घरात किमतीऐवजी तिच्याकडे नेणारा पॉइंटर असतो, थंक पुन्हा साचतील. अनबॉक्स्डमध्ये नुसते आकडे असतात, थंकला जागाच नाही, शिवाय कलेक्टरला आत डोकावावं लागत नाही.

जुन्या आवृत्त्या खरंच लागत असतील तरच स्ट्रिक्ट इंटमॅप (पूर्णांकावरून किंमत शोधणारी रचना).

धागाकर्ती

बँग लावल्यावर मेमरी लगेच खाली आली, मनापासून आभार! आता एसटीयूअ‍ॅरेकडे वळते. पुढे प्रत्येक घरात आकडा आणि एक बूलियन (खरं/खोटं) अशी जोडी ठेवायची आहे. ते जमेल का?

प्रतिसाद २

एसटीयूअ‍ॅरेत जोडी बसत नाही. दोन समांतर अ‍ॅरे ठेवा, बूलियनचा तर घरामागे एकच बिट घेतो. नाहीतर व्हेक्टर पॅकेजचा अनबॉक्स्ड म्यूटेबल प्रकार घ्या. तो जोड्या आतल्या आत दोन अ‍ॅरेंमध्येच ठेवतो.