नख गळालं तरी घाबरू नका
हँड-फूट-माउथ, म्हणजे मुलांच्या हातापायांवर पुरळ आणि तोंडात फोड आणणारा आजार, "कांजिण्यांसारखा एकदाच होतो" असं कुणी म्हणतं. आमच्याकडे दोनदा झाला की! विषाणू एक नाहीच: कॉक्सॅकी ए१६, ए६, ए१०, एंटेरोव्हायरस ए७१... एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला आवरत नाही. दुसऱ्या खेपेला लेकीच्या कोपरांवर, ढुंगणावरही पुरळ. ताप उतरून महिना झाला, मुलुंडला आजी नखं कापत होती आणि अंगठ्याचं नख मुळापासून सुटून तिच्या हातात! माझी पाचावर धारण. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ए६ असणार. २००८च्या फिनलंडमधल्या साथीतही नखं अशीच गळली होती. खालून नवं येतंच.

आणि सॅनिटायझरवर विसंबू नका. या विषाणूंना चरबीचं आवरण नसतं, अल्कोहोल फारसं चालत नाही. शी धुतल्यावर साबणच. शीतून विषाणू कित्येक आठवडे पडत राहतो.