घर आवरायला काढलंय, पण काही वस्तू टाकायला हात धजत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कपडे, रद्दी, वायरींची भेंडोळी यात फार अडलं नाही. वॉरंटीच्या जपून ठेवलेल्या पावत्यांवरचा मजकूर तर केव्हाच उडून गेलाय (उष्णतेने छापणारा थर्मल कागद!), म्हणजे इतकी वर्षं मी कोरे कपटे सांभाळत होते.

गाडी अडलीय ती बाबांच्या खोक्यांपाशी. डायऱ्या, बंद पडलेलं घड्याळ, कॅसेटी, दांडीला त्यांनीच दोरा गुंडाळलेला चष्मा. उपयोग शून्य, पण कचरा म्हणवत नाही. 'वर्षभर वापरलं नाही की काढून टाका' हा नियम इथे काय कामाचा? तो चष्मा मी कधीच वापरणार नव्हते. 'हातात धरून आनंद होतो का बघा' म्हणतात, पण रडू आलं तर ती वस्तू कुठल्या ढिगात टाकायची?

आपलं म्हटलं की वस्तूची किंमत वाढते, हे वाचून माहीत आहे. काहनमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली छापलेल्या प्रयोगात काही जणांना साधे कप दिले होते. त्यांनी ते विकायला सांगितलेली किंमत, ज्यांना कप मिळाले नव्हते ते द्यायला तयार होते त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. नुकताच हाती आलेल्या कपाची ही कथा, मग बाबांच्या घड्याळाचं काय बोलायचं! पण कारण कळून हात सुटत नाही.

त्यात भाऊ म्हणतो, "काही टाकू नकोस हं." स्वतःकडे मात्र एकही खोकं नेत नाही.

डायऱ्या स्कॅन करून मूळ वह्या कुणी काढून टाकल्यात का? नंतर चुटपुट लागली का? आणि भावाला कसं सांगू?

प्रतिसाद:
ताई, आधी कॅसेटी. डायऱ्या थांबतील, चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते. बाबांचा आवाज असलेल्या कॅसेटी वेगळ्या काढा आणि डिजिटल करून घ्या. बाजारातून आणलेल्या गाण्यांच्या असतील त्या बिनधास्त जाऊ देत.

फोटो काढून ठेवायचा उपाय मला आधी पोकळ वाटायचा. पण २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात, विद्यापीठाच्या वसतिगृहांत जिथे 'आधी फोटो काढा, मग दान करा' असं सुचवलं तिथे जास्त वस्तू दान झाल्या. घड्याळाला चालेल. डायऱ्यांच्या बाबतीत मी स्वतः मूळ वह्या ठेवीन, अक्षर कागदावरच बघायला बरं वाटतं. चष्मा राहू दे की, जागा ती किती लागणार!

भावाला यादी आणि तारीख पाठवा: हवं ते तोवर घेऊन जा, उरलेल्याचं मी ठरवेन.

धागाकर्ती:
कॅसेटींचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. यादी करायला घेते. तारीख उलटून गेल्यावरही तो "थांब जरा" म्हणणार हे नक्की, तेव्हा काय करायचं तेही सांगून ठेवा.