एडगर समोर आला तर काय बोलू? (पिओरिया, मार्च २०१८)

पावसातला_सिएटलकर: मंडळी, पुढच्या आठवड्यात लेकीला घेऊन ॲरिझोनाला पिओरियात मरिनर्सच्या (आपल्या सिएटलच्या बेसबॉल टीमच्या) स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे सीझनआधीच्या सरावाला चाललोय. टीमचा जुना खेळाडू एडगर मार्टिनेझ २०१५ पासून हिटिंग कोच (बॅटिंग शिकवणारा) आहे, तिथे दिसेलच, पण इतक्या वर्षांत मी त्याला कधी जवळून बघितलेलं नाही. मी ९५ च्या सप्टेंबरमध्ये शिकायला आलो तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ८ ऑक्टोबरच्या रविवारी रूममेटने ओढून टीव्हीसमोर बसवलं. न्यूयॉर्कच्या यांकीजशी प्लेऑफची पाचवी, निर्णायक मॅच, अकरावी इनिंग, आपण ५-४ ने मागे, आपला कोरा तिसऱ्या बेसवर, ग्रिफी पहिल्यावर, आणि एडगरने लेफ्टच्या लाईनवर तो डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला, कोरा आला आणि मागून ग्रिफी जो सुटला तो थेट होमवर घसरतच आला. ६-५! शेजारच्या बिल्डिंगमधून लोक ताटं-भांडी बडवत होते. घरची आठवण येऊन रोज रात्री रडणारा मी त्या दिवशी अनोळखी माणसांना मिठ्या मारत होतो. हे सगळं त्याला दोन वाक्यांत कसं सांगू? आणि सकाळी उभं कुठे राहायचं?

फिनिक्सवाला: दादा मेन स्टेडियममध्ये थांबू नका, सकाळी लवकर मागच्या प्रॅक्टिस फील्ड्सवर जा, एका फील्डवरून दुसऱ्यावर जाताना गाठ पडते. कुणाला बॅटिंग शिकवत असेल तेव्हा मात्र हाक मारू नका, काम चालू असतं त्याचं. बॉलवर सही घ्यायची तर निळं बॉलपेन न्या, मार्करची शाई पसरते. शिवण जिथे जवळ येते ती अरुंद जागा वर ठेवून बॉल पुढे करा. ऊन जबरदस्त, पोरीला टोपी घाला. जपानी स्टार इचिरो पण टीममध्ये परत आलाय, त्यामुळे गर्दी असणार.

निमाची_आई: मी मागच्या वर्षी भेटले. पाऊण तास कुंपणाला धरून उभी होते, तो हाताची घडी घालून एकेकाची बॅटिंग बघत होता, मधूनच जवळ जाऊन काहीतरी हळू सांगायचा. माझ्या मुलाचा एक डोळा तिरळा आहे, आणि एडगरचेही डोळे एका रेषेत राहायचे नाहीत, खेळत होता तेवढी वर्षं रोज डोळ्यांचे व्यायाम करायचा, टेनिस बॉलवर आकडे लिहून मशीनमधून येणाऱ्या बॉलवरचा आकडा वाचायचा. असा माणूस दोनदा बॅटिंग टायटल (लीगमधली सगळ्यात जास्त सरासरी) जिंकतो, ९५ ला .३५६! हे कळल्यापासून आमचा व्यायामाला कुरकुर करत नाही. मी बॉलवर मराठी आकडे लिहिते आणि हळूच टाकते, ५ आणि ६ मध्ये अजून गोंधळतो. मला हे सगळं एडगरला सांगायचं होतं पण घसाच दाटला, नुसतं थँक्यू निघालं. त्याने सही केली, मान हलवली. दादा, पुरतं तेवढं.

डबलप्ले: मला राग येतो तो हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या सर्वोच्च मानाच्या) मतांचा. एडगरला जानेवारीत ७०.४ टक्के मतं, लागतात ७५, आणि आता मतदानाचं एकच वर्ष उरलं. म्हणे फिल्डिंग करत नव्हता. अहो, उत्तम डीएचला (फक्त बॅटिंग करणाऱ्या खेळाडूला) जे अवॉर्ड देतात त्याला नाव याचं, आणि गेल्या वर्षी ते मिळालं कुणाला तर ज्याचा हा कोच आहे त्या नेल्सन क्रूझला! अख्खं करिअर एका टीमसाठी खेळला माणूस. दादा, भेटलात तर सांगा की आम्ही पुढच्या जानेवारीची वाट बघतोय.

पावसातला_सिएटलकर: ताई, तुमचं वाचून दोन मिनिटं काही टाईप करता आलं नाही. थँक्यूच म्हणतो मग, आणि जमलं तर ‘नाईंटी-फाईव्ह’ एवढंच. निळी पेनं दोन घेतली. आत्ता लेकीला तो डबल दाखवला, सगळ्यांच्या ढिगाखाली दबून हसणारा ग्रिफी बघून म्हणाली बाबा परत लाव. चौथ्यांदा लावलाय.