'नाइट लोर'मधील खोल्या एकरंगी का आहेत?

प्रश्न: अल्टिमेट प्ले द गेम या ब्रिटिश कंपनीचा १९८४ सालचा 'नाइट लोर' हा संगणकीय खेळ सध्या एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळत आहे. झेडएक्स स्पेक्ट्रम या त्या काळच्या घरगुती संगणकावर अनेक रंग असताना प्रत्येक खोली एकाच रंगात का दाखवली आहे? शिवाय वस्तू वाढल्या की खेळ रेंगाळतो, तो एम्युलेटरचा दोष समजावा काय?

उत्तर: एम्युलेटरला बोल लावू नये. स्पेक्ट्रमवर ८ × ८ बिंदूंच्या चौकटीत दोनच रंग मावतात. त्यामुळे तिरके ठोकळे आणि त्यांमागून जाणारा खेळाचा नायक सेबरमन निरनिराळ्या रंगांत दाखवले असते, तर कडांवर रंगांचा विचका झाला असता. पुढच्या वस्तूने मागची झाकावी म्हणून आधी वस्तूंचा क्रम लावायचा, मग मुखवट्याने (वस्तूच्या आकाराच्या साच्याने) मागचे बिंदू पुसून त्या जागी चित्र उमटवायचे, असा हा खटाटोप ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरला पेलताना गती मंदावणारच.

दुसरे उत्तर: वरील विवेचन पटले, मात्र या तिरक्या, त्रिमितीय भासणाऱ्या शैलीचे सारे श्रेय 'नाइट लोर'ला देऊ नये. सँडी व्हाइट यांच्या 'अँट अटॅक' या खेळाने १९८३ मध्येच स्पेक्ट्रमवर असे अख्खे शहर उभे केले होते. 'नाइट लोर'चे निर्माते असलेल्या स्टॅम्पर बंधूंचे वेगळेपण मला कोड्यांत दिसते: हातातील वस्तू खाली ठेवून तिच्यावरच चढायचे, आणि तेही रात्र होऊन सेबरमनचा लांडगा होण्याआधी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वस्तूवर चढता येते, हे ध्यानातच आले नव्हते.