साक्षी काहीच करत नाही, तर कर्माचं फळ भोगतो कोण?

नवा_साधक:

मुंडक उपनिषदात (३.१.१) एकाच झाडावर दोन पक्षी बसलेत. एक गोड फळ खातो, दुसरा न खाता बघतो. खाणारा जीव आणि बघणारा साक्षी (काही न करता नुसतं जाणणारं चैतन्य), असा अर्थ बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो. इथूनच माझी अडचण सुरू होते.

मी मुळात साक्षीच असेन, तर संचित (साठलेलं कर्म), प्रारब्ध (फळ द्यायला लागलेलं), क्रियमाण (आता होत असलेलं) हा सगळा हिशोब कोणाच्या खात्यावर? जीव मिथ्या म्हणायचा, तर मिथ्या माणसाला फळ कसं लागतं? दुसरं, साक्षीभावाने केलेलं कर्म लागत नाही म्हणतात. मग कोणीही काहीही करावं आणि 'मी नुसता पाहत होतो' म्हणावं! तिसरी गोष्ट ध्यानाला बसल्यावरची. विचारांकडे पाहणारा जो कोणी जाणवतो, तोही विचारच वाटतो. मग त्याला पाहणारा आणखी एक. हे थांबतं कुठे?

संदर्भ द्या प्लीज. 'अनुभव आला की कळेल' हे उत्तर भरपूर ऐकून झालंय.

उपाधी:

आधी पक्षी. या मंत्राची शांकरभाष्यात (शंकराचार्यांच्या टीकेत) दोन वाचनं सापडतात आणि बहुतेक लोक एकच सांगतात. मुंडकावरच्या भाष्यात खाणारा जीव आहे आणि न खाणारा ईश्वर. ब्रह्मसूत्र १.२.१२ वरच्या भाष्यात मात्र पैंगीरहस्य ब्राह्मणाच्या आधाराने वेगळा अर्थ येतो: खाणारं ते सत्त्व, म्हणजे अंतःकरण, आणि बघणारा क्षेत्रज्ञ, म्हणजे शरीर-मनाला जाणणारा आत्मा. तुमच्या प्रश्नाला हे दुसरं वाचन जास्त उपयोगाचं आहे, कारण त्यात भोग सरळ अंतःकरणाकडे जातो.

आता खातं कोणाचं? वेदान्तपरिभाषा या अद्वैत ग्रंथात जीव आणि जीवसाक्षी यांत जो फरक केलाय तो नीट पाहा. चैतन्य एकच, अंतःकरणही तेच. अंतःकरण 'विशेषण' म्हणून धरलं की जीव, 'उपाधी' म्हणून धरलं की साक्षी. वेगळेपण दोन्ही दाखवतात. पण विशेषण कार्यात सामील होतं, उपाधी होत नाही. म्हणून 'मी केलं', 'मला दुखलं' ही विधानं जीवाला लागू पडतात, साक्षीला नाहीत. हिशोब जीवाच्या खात्यावर. तुमच्या आत दोन माणसं बसलेली नाहीत, एक करणारा आणि एक बघणारा अशी. बहुतेक गोंधळ तशी कल्पना केल्यामुळेच होतो.

'मिथ्याला फळ कसं' याचं उत्तर: कर्ता ज्या पातळीवर आहे त्याच पातळीवर फळही आहे. कर्ता व्यावहारिक (रोजच्या व्यवहारापुरता खरा), कर्म व्यावहारिक, दुःखही व्यावहारिक. कर्त्याला मिथ्या म्हणायचं आणि दुःखाला पारमार्थिक (अंतिम अर्थाने खरं) समजायचं, तर कोडं पडणारच. ब्रह्मसूत्रकार जीवाला स्पष्टपणे कर्ता म्हणतात (२.३.३३), नाहीतर विधिनिषेध सांगणारं शास्त्र व्यर्थ ठरेल. मग २.३.४० मध्ये सुताराचा दाखला येतो. हातात वाकस असेल तोवर तो कर्ता, हत्यारं खाली ठेवली की स्वस्थ. कर्तृत्व हत्यारांमुळे आलेलं आहे, स्वभावाचं नाही.

कारिका_१९:

वरचं उत्तर अद्वैतापुरतं चोख आहे, पण 'साक्षी' म्हटलं की लोक नकळत सांख्य आणि वेदान्त एकत्र कालवतात. सांख्यकारिका १९ मध्ये पुरुषाला (सांख्यांच्या भाषेत शुद्ध चैतन्याला) पाच गोष्टी दिल्या आहेत: साक्षित्व, कैवल्य (एकटेपण), माध्यस्थ्य (तटस्थपणा), द्रष्टृत्व (पाहणारेपण) आणि अकर्तृभाव. त्याच ग्रंथात १७व्या कारिकेत पुरुषाच्या अस्तित्वाचं एक कारण म्हणून 'भोक्तृभाव' दिलाय. म्हणजे सांख्यांचा पुरुष कर्ता नाही, पण भोक्ता आहे. करायचं प्रकृतीने (मन-बुद्धीसकट सगळ्या जड जगाचं मूळ), भोगायचं पुरुषाने.

वेदान्ती इथेच आक्षेप घेतात: ज्याने केलं नाही त्याने का भोगावं? साक्षीला कर्तृत्व नाही तसं भोक्तृत्वही नाही, दोन्ही एकत्र येतात आणि एकत्रच जातात. ही अडचण सांख्यांनाही ठाऊक असावी, कारण ६२व्या कारिकेत ते म्हणतात की खरं तर कोणी पुरुष बांधला जात नाही, सुटत नाही, संसरतही नाही. हे सगळं होतं ते प्रकृतीचं.

धागाकर्त्याची दुसरी शंका या सरमिसळीतूनच येते. 'करणारी प्रकृती' सांख्यांकडून घ्यायची, 'मला काही लागत नाही' वेदान्ताकडून घ्यायचं आणि मधल्या मध्ये सुख मात्र स्वतः उपभोगायचं!

उभयवेदी:

अद्वैताबाहेर हा प्रश्न याच रूपात उभा राहत नाही, हेही नोंदवून ठेवतो. विशिष्टाद्वैती रामानुजांच्या मते जीव खरोखर ज्ञाता आणि कर्ता आहे. पहिला प्रयत्न जीवाचा, त्याला अनुमती परमात्म्याची. गीता १३.२२ मधले 'उपद्रष्टा' आणि 'अनुमन्ता' हे शब्द इथे फिट बसतात. द्वैती मध्वांकडे साक्षी म्हणजे जीवाचंच स्वरूपेंद्रिय (त्याच्या स्वरूपातलंच जाणण्याचं साधन), सुखदुःख निर्विवादपणे जाणणारं. तिथे साक्षी आणि भोक्ता वेगळे करायचं कारणच नाही. बाकी चालू द्या.

दृग्दृश्य:

दुसरा आणि तिसरा प्रश्न मी घेतो.

पळवाटेबद्दल. आधार म्हणून लोक गीता १८.१७ पुढे करतात, 'मारूनही तो मारत नाही'. त्यात दोन अटी आहेत: 'मी कर्ता' हा भाव नसणं आणि बुद्धी लिप्त न होणं. फळ चुकवायला म्हणून जो 'मी पाहत होतो' म्हणतो, त्याला फळाची भीती आहे, म्हणजे भोक्ता शाबूत आहे. दोन्ही अटी तिथेच मोडल्या. आणि हा श्लोक एकटा वाचू नये. तीनच श्लोक आधी, १८.१४ मध्ये, कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान (शरीर), कर्ता, करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. यात कर्ता एक कारण म्हणून मोजलेला आहे, वगळलेला नाही. ५.८-९ मधली यादीही पाहा: पाहणं, ऐकणं, खाणं, चालणं, श्वास घेणं, पापणी मिटणं अशा तेरा क्रिया. 'नैव किञ्चित्करोमि' (मी काहीच करत नाही) तिथे म्हटलंय ते या नित्याच्या क्रियांबद्दल. सरावाची सुरुवात इथूनच करावी. भांडणातल्या किंवा पैशाच्या व्यवहारातल्या कर्मावर हा प्रयोग सुरुवातीला करू नये.

आता बसल्यावरचं. दृग्दृश्यविवेक या वेदान्त ग्रंथाचा पहिला श्लोक हीच पद्धत आहे. रूप दृश्य, डोळा द्रष्टा. डोळा दृश्य, मन द्रष्टा. मनाच्या वृत्ती दृश्य, साक्षी द्रष्टा. आणि साक्षी? 'न तु दृश्यते', तो दिसत नाही. तुमची साखळी इथे थांबते.

प्रत्यक्षात असं करा. डोळे मिटून एखादा आवाज घ्या. आवाज कळतोय हे पाहा. मग तो नीट ऐकू येतोय की अंधुक, म्हणजे इंद्रियाची अवस्था, तीही कळते. मग मन तिथे आहे की भटकलंय, तेही कळतं. शेवटी 'मी पाहतोय' ही जाणीव उठते. तीही येते, जाते, म्हणजे ती अहंवृत्ती, दृश्यच. पुढे पाऊल टाकायचं नाही. या जाणिवेमागे आणखी कोणाला शोधायला गेलात की मन नवा 'पाहणारा' बनवून देतं आणि अनवस्था (न संपणारी साखळी) सुरू होते. साक्षी शोधून सापडत नाही, कारण शोधणं हेच त्याच्यासमोर चाललंय. ती वृत्ती मावळली तरी काही बिघडलं नाही एवढं लक्षात आलं, की त्या बैठकीपुरतं पुरे.

हमखास चुका तीन. पहिली, काम चालू असताना त्याच कामाकडे पाहायचा खटाटोप. करणारं आणि निरीक्षण करणारं मन एकच असल्यामुळे दोन्ही अर्धवट होतात. कामाआधी संकल्प पाहावा, काम पूर्ण लक्ष देऊन करावं, झाल्यावर 'केलं कोणी' हे तपासावं.

दुसरी, आतून टोचणाऱ्या आवाजाला साक्षी समजणं. 'हे चुकलं' म्हणते ती बुद्धी. साक्षीपुढे राग आणि रागाबद्दलची खंत दोन्ही सारख्याच उजेडात असतात. म्हणून बुद्धीचं ऐकणं बंद करू नका, उलट व्यवहारात तिचंच ऐकायचं आहे.

तिसरी जास्त धोक्याची: बधिरपणाला साक्षीभाव मानणं. माणसं परकी वाटू लागली, जग काचेपलीकडचं वाटलं, तर तो वैराग्याचा पुरावा नाही. बैठक थांबवा, जप किंवा अंगमेहनतीचं काम धरा, आणि हे टिकून राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. शमदमादी षट्संपत्ती (मन आणि इंद्रियं आवरणं वगैरे सहा तयारीचे गुण) आधी सांगितली आहे ती याचसाठी.

नवा_साधक:

खूप आभार. विशेषण-उपाधी फरक पहिल्यांदाच समजला. एक उपप्रश्न: म्हणजे रोज साक्षीभावात बसलं की संचित हळूहळू जळत जातं का? आणि ज्ञान्याचं प्रारब्ध मग का उरतं?

उपाधी:

नाही. साक्षीभावात बसणं हे स्वतःच मानस कर्म आहे. ते क्रियमाणात जमा होतं. त्याने चित्त शुद्ध होतं, एकाग्रता येते, पण संचित जाळतं ते ज्ञान, म्हणजे 'मी कर्ता' या समजुतीचा निरास. ब्रह्मसूत्र ४.१.१३ पाहा: ज्ञानानंतर मागच्या पापाचा नाश, पुढच्याचा स्पर्श नाही. ४.१.१४ पुण्यालाही तेच लावतं, हे लोक विसरतात. ४.१.१५ मर्यादा घालतं: नाश फक्त फळ द्यायला न लागलेल्या कर्मांचा. ज्यांनी हे शरीर सुरू केलं ती भोगूनच संपतात (४.१.१९). गीता ४.३७ मधल्या 'सर्वकर्माणि' या शब्दावरही शंकराचार्य हीच मर्यादा घालतात. शरीर पडेपर्यंतचा हा उशीर छांदोग्यात ६.१४.२ मध्ये आहे, 'तस्य तावदेव चिरम्' (त्याला तेवढाच उशीर).

कारिका_१९:

+१. योगसूत्र २.१३ सुद्धा जोडून वाचा. मूळ, म्हणजे क्लेश (अविद्या, राग, द्वेष वगैरे), असेल तोवरच कर्माशयाचा (साठलेल्या कर्मसंस्कारांचा) विपाक, म्हणजे फळ, होतो आणि तो तीन रूपांत: जाती, आयुष्य, भोग. या तिन्हींत 'पुढे मी कसा वागेन' हे कुठेच नाही. ते क्रियमाण.