मदत हवी आहे: २०११ची स्प्लेंडर आत्ता विकू की रिपासिंग करून?

एमएच १३ पासिंगची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस विकायचीय. पहिला मालक, कर्ज नाही, विमा चालू, इंजिन उघडलेलं नाही. पंधरा वर्षांची नोंदणी लवकरच संपतेय.

सप्टेंबर २०२५मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला. सोलापुरातले एजंट तेच सांगून भाव पाडतात (टायर बघायचीही तसदी घेत नाहीत). ऑनलाइन जाहिरात टाकली, तर फोन फक्त 'लास्ट किती?' विचारायला. भंगारात देणार नाही, एक्स्चेंजही नको. नवी गाडी घ्यायची नाहीये.

नूतनीकरण आणि पर्यावरण कराचा खर्च आधी केला तर तो भावात निघतो का? आणि मोहोळ, अक्कलकोटकडे शेतावर वापरायला घेणारं गिऱ्हाईक एजंटपेक्षा बरा भाव देतं का? अलीकडे कुणी विकली असेल तर कितीला गेली?