मदत हवी आहे: अँटिबायोटिकसोबत आईला कोणतं प्रोबायोटिक द्यावं?

नमस्कार मंडळी, आम्ही भुसावळचे. माय सत्तरीची, शुगर आहे. लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक चालू केलं आणि पोट बिघडलं. जुलाब पातळ आहेत, पण ताप किंवा रक्त नाही. डॉक्टर म्हणाले, "सोबत एखादं प्रोबायोटिक द्या." म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंचं औषध. नाव काही लिहून दिलं नाही.

मेडिकलवाल्याने तीन प्रकार पुढ्यात ठेवले. एक सॅकरोमायसिस बोलार्डीचं पाकीट. हे यीस्ट आहे, त्यामुळे बॅक्टेरियावरच्या अँटिबायोटिकने मरत नाही, एवढं मला पटलं. दुसरी बॅसिलस क्लॉसीची छोटी कुपी, ५ मिलिमध्ये २०० कोटी बीजाणू (कवचातले सुप्त बॅक्टेरिया). तिसरी सगळ्यात महागडी कॅप्सूल: लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम अशी नावांची नुसती वरात! पण पुढचा स्ट्रेन, म्हणजे त्या जंतूचा नेमका उपप्रकार, कुठेच छापलेला नाही. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजीवर जे अभ्यास झाले ते त्याच स्ट्रेनचे. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' वाचून काय समजायचं?

त्यात आमच्याकडचा मे महिना. पारा पंचेचाळीसला टेकतो, लाईट कधी जाईल नेम नाही. फ्रिजमध्येच ठेवायचं औषध दुकानातून घरी येईपर्यंत जिवंत राहतं का? बीजाणूवालं उन्हाला टिकतं म्हणून मन तिकडे ओढतंय.

माय म्हणते, "ताक पी राहिनू ना, मंग पाकिटं कसाले?" ताक-भाकरी चालूच आहे.

अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिकमध्ये किती तासांचं अंतर ठेवता? कोर्स संपल्यावर किती दिवस चालू ठेवावं? शुगरवाल्यांना पाकिटातली साखर चालते का? कोणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असाल तर जरूर सांगा.